शालीची ओली किनार

शनिवार, ५ डिसेंबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. टेकडीवरच्या कपेलाचं, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराचं, कुलूप पास्कू रोचा यांनी काढलं, तेव्हा पवित्र मरियेच्या पुतळ्यावरच्या निळ्या शालीची किनार वीतभर ओली होती. पास्कू एकवीस वर्षं तिथली देखभाल करतात. त्यांनी आधी छत पाहिलं. कोरडं होतं. मग किनार पिळून बोट जिभेला लावलं. पाणी खारट होतं. समुद्र तिथून दोनशे चौदा पायऱ्या खाली आहे आणि किल्ली एकच, ती पास्कूंच्या कमरेला.

रविवारी किनार पुन्हा ओली होती. सोमवारीही.

शाल शुक्रवारी रोझालिन वेगास यांनी धुतली होती. मरिया तिच्या आईच्या उदरात आली त्या क्षणापासून पापाच्या डागाविना होती, याचा सण आठ डिसेंबरला. त्याआधी गावातली एक बाई शाल धुते. पण अगोदर फादरकडे पापनिवेदन करायचं, मगच शालीला हात लावायचा. रोझालिन बारा वर्षं हे करत आल्या. यंदा त्या पापनिवेदनाला गेल्या नाहीत. कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नाही.

त्यांचा मुलगा विन्सन आणि आगरदांड्याचा खलाशी साहिल ३० नोव्हेंबरला होडी घेऊन गेले होते. २ तारखेला परतायचे होते, परतले नाहीत. ३ तारखेला पोलिसांनी दिशा विचारली, तेव्हा रोझालिननी उत्तरेकडचं खांदेरी बेट सांगितलं. खरं तर होडी दक्षिणेला गेली होती, श्रीवर्धनच्या पुढे, पाण्यावर दिवे सोडून मासे ओढायला. त्याला बंदी आहे. विन्सन एकदा पकडला गेला होता. दुसऱ्यांदा परवाना गेला असता. पोरं एक-दोन दिवसांत येतील, उगाच परवाना कशाला घालवायचा, असा रोझालिनचा हिशोब. शोध चार दिवस खांदेरीच्या पाण्यात चालला.

रविवारी दुपारी साहिलची आई रेहाना आली. पायरीवर बसली, चहा घेतला नाही.

“बाय, पोरं कुठं गेलीत ते तुला नक्की ठाव हाय ना?”

रोझालिन पुन्हा खांदेरीच म्हणाल्या. रेहानाने त्यांचा हात दाबला.

“मग मी अल्लावर सोडते. तू तुझ्या मरियमवर सोड. आमच्यात पण तिला मानतात.”

सोमवारी संध्याकाळी पास्कूंनी रोझालिनना वर बोलावलं आणि किनार हातात दिली. रोझालिननी ती हुंगली आणि त्या बाकावर बसल्या. फादर इलियास वेदीवरची फुलं बदलत होते. पापनिवेदनाच्या खोलीत या, असं ते म्हणाले. रोझालिन उठल्या नाहीत. तिथेच, पास्कूंच्या समोर, सगळं सांगितलं. मग पुतळ्याकडे बघून म्हणाल्या, “हिला सोपं होतं, फादर. पापच नव्हतं, लपवायचं काय?”

“पाप नव्हतं,” फादर म्हणाले. “पण पुढचं काही ठाऊकही नव्हतं. तरी देवाचं मूल पोटी घ्यायला हो म्हणाली. मुलगा वाचेल असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.”

“वाचला नाहीच.”

“नाही. आणि ती त्याच्या क्रुसापाशी उभी राहिली.”

पास्कू सांगतात, त्यानंतर बंद कपेलात ओल्या जाळ्याचा वास येत होता. फादरना तो आला नाही.

सहा चाळीसला रोझालिननी पोलीस चौकीत नवा जबाब दिला. बाहेर येऊन रेहानाला फोनवर खरं सांगितलं. रेहानाने चार मिनिटं फोन तसाच धरून ठेवला, मग कट केला.

मंगळवारी सकाळी सातला शोधनौका दक्षिणेला निघाली. कपेलात सणाची मिस्सा, फादरची प्रार्थना, झाली. रोझालिन धक्क्यावर होत्या. थोड्या वेळाने रेहाना येऊन त्यांच्यापासून दहा हातांवर बसली.

दुपारी तीन पंचवीसला रेहानाने रोजच्यासारखा साहिलचा नंबर लावला. सहा दिवस तो बंद लागत होता. आज घंटी वाजली. शेवटपर्यंत वाजली, कुणी फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा फोन बंद होता. तो कुठल्या टॉवरवरून लागला, हे पोलिसांनी कंपनीला विचारलं आहे. रात्री आठपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.