विहीणबाईंच्या मापाचे

मोठ्या बाईंनी उजव्या हाताची तर्जनी कशीबशी आत सारली, मग मधलं बोट, आणि तिसऱ्या बोटाशी गाडं अडलं. हातमोजा कातडी, नवाकोरा, आतून मऊ अस्तराचा. पण त्याची बोटं अशी निमुळती की दुकानातल्या लाकडी हातालाच शोभावीत. बाईंनी अनामिका वाकवून पाहिली, ओठ घट्ट मिटून ढकलली. ती गेली, पण मधल्या बोटाच्याच घरात गेली. मोज्याची उरलेली दोन बोटं रिकामी लोंबत राहिली.

"अगं आई, एका खोलीत दोन बिऱ्हाडं!" बाईंची लेक खदखदून हसली. "थांब, मी घालून देते."

"नको."

"अगं, बघू तरी कसे दिसतात."

"नको म्हटलं ना."

वीस वर्षं मुख्याध्यापिका राहिलेल्या बाईंचा तो आवाज. वाढदिवसाला जमलेली पंधरा माणसं एकदम गप्प झाली. बाईंनी मोजा ओढून काढला, जोडी खोक्यात परत ठेवली आणि तळाशी राहिलेली चिठ्ठी उघडली. त्यांच्या विहिणीचं, म्हणजे सुनेच्या आईचं, डावीकडे कललेलं अक्षर होतं. 'विहीणबाई, अगदी तुमच्या मापाचे आहेत.' बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग दोन्ही हात शालीखाली घेतले आणि केक लेकीलाच कापायला सांगितला.

सूनबाई बशा घेऊन दाराशी उभी होती. तिला वाटलं, चला, निभावलं.

काय निभावलं? तर ते कातडी मोजे तिच्या आईने पाठवलेच नव्हते. आईने पाठवलेले मोजे सूनबाईच्या कपाटात, उन्हाळी कपड्यांच्या तळाशी दडपलेले होते. गडद निळी लोकर, चार बोटांना मिळून एकच खोळ, अंगठा तेवढा वेगळा. हाताच्या पाठीवर लाल फुलं, फुलांवर पिवळे पक्षी, आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून मनगटाला गोंडे. आई लॉन्ड्रीत कामाला होती. तिथे मोठाल्या मशीनमध्ये हॉटेलांच्या चादरी घुसळत असताना ती स्टुलावर बसून सुया चालवायची. या एका जोडीला तिला अडीच महिने लागले होते. सूनबाईने पुडकं उघडलं, पक्षी पाहिले, गोंडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

त्याला कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी आईने किटलीवर घालायची लोकरी टोपी विणून पाठवली होती. नणंदेने ती डोक्यावर चढवली, एक हात कमरेवर ठेवून दुसऱ्याची तोटी केली आणि घरभर मिरवली. सगळे हसले. सूनबाईही हसली, खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. हसं आईचं झालं आणि घाम हिला फुटला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. या खेपेला तिने स्वतःच्या पगारातून चांगल्या दुकानातले कातडी मोजे आणले आणि आईचं नाव तरी लागावं म्हणून चिठ्ठी तेवढी त्या खोक्यात ठेवली. वर आपल्या अकलेचं तिला कौतुक वाटलं, हे विशेष.

दर रविवारी दुपारी दोघी विहिणी फोनवर बोलत. आपली आई पिडते आणि मोठ्या बाई शिष्टाचार म्हणून सोसतात, अशी सूनबाईची पक्की समजूत. वाढदिवसानंतरच्या रविवारी फोन वाजला तेव्हा बाई शेजारच्या खुर्चीतच होत्या.

"सांग, झोपल्यात," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी म्हणाल्या, "सांग, बाहेर गेल्यात." थंडी पडल्यापासून बाईंनी उंबरठा ओलांडलेला नव्हता. तरी सूनबाईने तसं सांगितलं आणि मनात म्हणाली, सुटल्या बिचाऱ्या.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, आईचा फोन थेट तिच्या कामावर आला. सूनबाई औषधाच्या दुकानात काउंटरला होती. समोर एक आजोबा चिठ्ठी घेऊन उभे होते. फोन खांद्यात दाबून ती गोळ्यांची पट्टी कात्रीने कापू लागली.

"कामात आहेस का गं?"

"बोल तू."

"विहीणबाई रागावल्यात का माझ्यावर?"

"छे. कशाला रागावतील?"

"मग बोलत का नाहीत? मोजे घट्ट झाले का? अंगठाच तोकडा झाला असणार. दोनदा उसवला मी तो. खरं सांग हं."

"छान झालेत मोजे."

"घातले त्यांनी?"

आजोबा पैसे पुढे करून थांबले होते. "घातले," सूनबाई म्हणाली. एक खोटं बोललं की दुसरं न बोलावता पाठोपाठ येतं, त्याला कोण काय करणार.

"मग त्यांना वाटलं असेल, मी कुणापाशी तरी बोलले. पण नाही गं बयो. तुझ्यापाशीसुद्धा नाही बोलले."

"काय नाही बोललीस?"

पलीकडे नुसती मशीनची घरघर. मग आईने आवाज उतरवला.

"आता तुझ्यापासून काय लपवायचं? तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी तिकडे राहिले होते ना, तेव्हा एका दुपारी त्यांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं आणि शालीतून हात बाहेर काढले. बोटं पाहिलीस का गं त्यांची? आल्याच्या गड्ड्यासारखी झालीत. म्हणाल्या, जन्मभर फळ्यावर लिहिलं, आता सही जमत नाही. कुठलेही हातमोजे आणा, चढत नाहीत. चारचौघांत हात काढायची लाज वाटते. बोटं नसलेले विणून द्याल का, म्हणून त्यांनीच विचारलं. पेपरवर हात ठेवला आणि मी पेन्सिलने भोवती रेघ ओढली. फुलं आणि पक्षी मात्र माझ्या मनाचे हं. म्हटलं, वर अशी नक्षी घालते की लोक तीच बघत बसतील. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं! कशा हसल्या होत्या त्या."

सूनबाईच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"पोरांना कळू देऊ नका म्हणाल्या. म्हणून मी तुलाही... ऐकतेयस ना? मी असं करते, रविवारची सुट्टी घेते. येते, त्यांची माफी मागते, काय चुकलं असेल ते असेल. आणि तिथेच बसून अंगठा वाढवून देते."

"इतक्यात येऊ नकोस," सूनबाई कशीबशी म्हणाली. "मी बोलते त्यांच्याशी."

आजोबांनी दोनदा हाक मारली तेव्हा तिने सुटे पैसे दिले, तेही चुकीचे. चार वर्षं एका छपराखाली राहत होती ती. चहा नेला की बाई म्हणत, "ठेव तिथे." हातातून कप कधी घेतला नाही. बाईंचा तोरा, असं तिने नवऱ्याला कितीदा सुनावलं होतं. दिवसाला दहा जणांना सांधेदुखीचं मलम विकणारी बाई, आणि घरच्या माणसाचे हात तिने एकदा नीट पाहिले नव्हते. त्या दिवशी भर सभेत कोंबून घातलेलं ते बोट तिला आठवलं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण काउंटरमागे फरशी पक्की होती आणि रांगेत आणखी तिघं उभे होते.

घरी आल्यावर तिने कोटसुद्धा उतरवला नाही. कपाटातून निळे मोजे काढले आणि बाईंच्या खोलीत गेली. बाई खिडकीशी बसल्या होत्या, हात शालीत. तिने मोजे त्यांच्या मांडीवर ठेवले.

"हे आईने पाठवलेले. ते कातडी मी आणले होते."

बाईंनी मोज्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठी आईची. ह्यातली काढून त्यात घातली."

"का?"

वाटेत तिने दोन-तीन उत्तरं जुळवली होती. कातडी जास्त टिकतं, लोकर टोचते, असली काहीतरी. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"लाज वाटली."

"मोज्यांची?"

"आईची," ती म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला स्वतःचीच किळस आली.

"मला वाटलं, मी विश्वासाने हात दाखवले आणि त्या बाईने माझी थट्टा मांडली," बाई म्हणाल्या. "अगदी तुमच्या मापाचे! सोळा दिवस मनातल्या मनात मी त्यांना नाही नाही ते बोलले."

"चुकलं माझं, बाई. मी आत्ता आईला फोन करते. सगळं खरं सांगून टाकते."

"मुळीच नाही."

"पण..."

"तुला मोकळं वाटावं म्हणून त्यांनी का रडायचं?"

बाईंनी शालीतून हात काढले. या वेळी सूनबाईने नजर वळवली नाही. बाईंनी डावा हात लोकरीच्या खोळीत सारला. तो सरळ आत गेला, अंगठा अंगठ्याच्या जागी बसला. मग उजवा. त्यांनी दोन्ही हात उजेडाकडे धरले.

"ही काय, बदकं आहेत?"

"पक्षी आहेत म्हणे."

"बदकंच वाटतात. लाव फोन."

सूनबाईने नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. पोरांनी गृहपाठ विसरल्याची थाप मारली तर वर्गाबाहेर उभं करणाऱ्या बाई. पण त्या दिवशी असं सराईत खोटं बोलल्या की ऐकत राहावं.

"अहो विहीणबाई! राग कसला? तुम्हीच करून ठेवलंत हे. मोजे हातातून काढवत नाहीत, आणि घालून फोनची बटणं दाबता येत नाहीत. मग बोलणार कशी? आता सुनेला फोन धरायला उभं केलंय... नाही हो, अंगठा अगदी बरोबर आहे. माफी? वेडबिड लागलंय का तुम्हाला? यायचं तर गप्पा मारायला या."

आईचं हसू फोनबाहेर ऐकू आलं. ते सुटकेचं होतं की आनंदाचं, कळायला मार्ग नव्हता. फोन धरलेला सूनबाईचा हात अवघडला, पण तिने तो खाली घेतला नाही. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं तिला झालं होतं.

"तुझ्याशी बोलायचंय त्यांना," बाई म्हणाल्या.

"बघ!" आई म्हणाली. "उगाच जिवाला घोर लावून घेतला मी. माझा स्वभावच मेला तसला. आवडलेत गं त्यांना!"

"हो."

"ऐक ना. लोकर उरलीय थोडी. तुझ्यापण हातांना थंडी लागत असेल. करू का तुला एक जोड?"

बोलायला सूनबाईला क्षणभर उशीर झाला, आणि तेवढ्या वेळात आईच बोलली.

"बिनफुलांचे करीन," ती हळूच म्हणाली. "साधे, काळे. दुकानातल्यासारखे. म्हणजे तुला लाज नाही वाटणार."

"आई..."

"घाई नाही. विचार करून सांग. मशीन थांबलं बघ, चादरी काढायच्यात. ठेवते हं."

फोन बंद झाला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. सूनबाईने पुन्हा नंबर लावला. चादरी काढून होईपर्यंत आईला घंटा ऐकू जाणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी ती फोन कानाला लावून तशीच उभी राहिली.