एका ताक्यातल्या एकतीस जणी

आधीच सांगून टाकते, ते फ्रॉक वाईट शिवलेले नव्हते. तीस वर्षं मी शिवणकामाचं दुकान चालवतेय आणि माझ्या हातची शिवण अजून कुणाची चारचौघांत उसवलेली नाही. एकतीस फ्रॉक, सहा मापं, पोपटी कापडावर पांढरे ठिपके. थरावर थर लावून असं कटिंग केलं की ताका संपला तेव्हा हातरुमालाएवढं कापड उरलं. एरवी कुणा गिऱ्हाइकाचं काम असतं, तर हे मी त्याला दोनदा ऐकवलं असतं.

पण हे काम आमच्या चर्चच्या महिला मंडळाचं होतं आणि मंडळाच्या चिटणीस म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. या वर्षीची सेवाफेरी परदेशातल्या मुलींच्या वसतिगृहात न्यायची, हे वन्संनी प्रार्थनासभेतच जाहीर केलं. प्रार्थनेच्या ओघात बोलल्या, त्यामुळे कुणाला नाही म्हणता येईना. ताकाही त्यांनीच निवडला. "पोपटी रंग फोटोत उठून दिसतो, वहिनी," म्हणाल्या. त्या फोटोला मंडळाच्या सभागृहात जागासुद्धा राखून ठेवली होती, खिळ्यासकट.

विमानतळावर वजन जास्त भरलं म्हणून फ्रॉक सगळ्यांच्या बॅगांमध्ये वाटावे लागले. नऊ फ्रॉक पाळकसाहेबांकडे गेले. पलीकडे उतरल्यावर तपासणीवाल्यानं नेमकी त्यांचीच बॅग उघडली. एक फ्रॉक काढला, पाळकसाहेबांकडे बघितलं. दुसरा काढला, पुन्हा बघितलं. पाळकसाहेब सहा फूट उंच, झुपकेदार मिशांचे. पाचव्या फ्रॉकला त्यांनी वर बघून डोळे मिटले, तेव्हा वन्सं समजावायला पुढे झाल्या आणि त्यांचीही बॅग उघडली गेली.

प्रवासभर वन्सं रंगात होत्या. शेजारच्या बाईंना त्यांनी आपला ठेवणीतला किस्सा सांगितला. त्या पाच बहिणी. वडील वर्षाला एक ताका आणायचे आणि त्यात पाचही जणींचे फ्रॉक, भावाचा शर्ट आणि खिडक्यांचे पडदे. "एका फोटोत आम्ही पाची जणी खिडकीपाशी उभ्या आहोत, तर मी कुठली आणि पडदा कुठला ते आमच्या आईलाही सांगता येत नाही!" बाई खूप हसल्या. मी लग्नापासून ऐकतेय, तरी मलाही हसू आलं.

वसतिगृह दुमजली होतं. लांब व्हरांडा, भिंतीला एकतीस खुंट्या, एकतीस टॉवेल. वसतिगृह चालवणाऱ्या मॅडम कमरेला किल्ल्या लावून तुरुतुरु चालायच्या. मुली जिन्यावर ओळीनं उभ्या राहिल्या, फ्रॉक वाटले, घातले, "थँक्यू" झालं, फोटो झाला. बहुतेक नीट बसले. आम्हाला मुलींची फक्त वयं कळवली होती, त्यामुळे दोघी-तिघींना काखेत काचले आणि एका लहानगीचा घोट्यापर्यंत आला. मी म्हटलं, वाढत्या अंगाचं आहे. शिंप्याला हे वाक्य फार उपयोगी पडतं.

तासाभरानं जेवायला बसलो, तर एकीच्याही अंगावर पोपटी फ्रॉक नव्हता.

दुसऱ्या दिवशीही नाही. पाळकसाहेब आणि बाकीची मंडळी कुंपणाची भिंत रंगवत होती, वन्सं मुलींना गाणं शिकवत होत्या आणि मी आपली प्रत्येकीच्या अंगावर माझा फ्रॉक शोधत फिरत होते. खरं सांगते, मला राग आला. शेवटी इस्त्री मागायच्या निमित्तानं मी स्वयंपाकीणबाईंना गाठलं. त्यांचा संसार बरीच वर्षं आमच्याच देशात झाला होता, त्यामुळे त्यांना आमची भाषा घरच्यासारखी यायची.

"इस्त्री वर कोठीच्या खोलीत," त्या म्हणाल्या. "कपाट उघडू नका बरं का, अंगावर पडेल."

असं सांगितल्यावर कोण उघडणार नाही? आत गठ्ठे होते. पिवळे फ्रॉक एकतीस. चौकटीचे एकतीस. निळे, लाल पट्ट्यांचे, बदामी. प्रत्येक गठ्ठ्यावर वर्षाची चिठ्ठी. अकरा वर्षांचे अकरा गठ्ठे, आणि सगळ्यात वर, घडी न मोडल्यासारखे, माझे पोपटी.

"का घालत नाहीत?" मी खाली येऊन विचारलं. आवाज जरा चढलाच असावा.

स्वयंपाकीणबाई कांदा चिरत होत्या. "थोरलीला विचारा. ती सांगेल तोंडावर."

थोरली म्हणजे मुलींमधली सगळ्यात मोठी. सतरा पूर्ण, उंच, बोलायला फटकळ. स्वयंपाकघरात मदत करता करता ती आमची भाषा शिकली होती. तिची सात वर्षांची बहीण, धाकटी, तिचा पदर असता तर धरूनच फिरली असती. घोट्यापर्यंत फ्रॉक आलेली ती हीच.

"मावशी, तुम्ही छान शिवलंय," थोरली म्हणाली. "पण दोघी जणी एकसारख्या रस्त्यात दिसलो की सगळ्यांना कळतं, या वसतिगृहातल्या. बेकरीवाली न मागता एक पाव जास्त टाकते. शाळेत आम्हाला नावानं कुणी ओळखत नाही. मागच्या वर्षी मी तो पिवळा घालून एका दुकानात काम मागायला गेले. मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाला, देणगी आम्ही वर्षाअखेरीस देतो, तेव्हा ये. मी काय मागायला आलेय ते त्यानं विचारलंच नाही."

मी स्वयंपाकीणबाईंकडे वळले.

मग बाकीचं स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं. दोन महिन्यांनी थोरली अठराची होणार. अठराव्या वर्षी इथून बाहेर पडावं लागतं. गावात काम मिळालं तर जवळच खोली घेऊन राहील, रोज धाकटीला भेटेल. नाही मिळालं तर मॅडमनी दूरच्या शहरातल्या एका लॉन्ड्रीत सोय केली आहे, तिथून वर्षातून एकदा येणं होईल. गुरुवारी सकाळी दहाला चष्म्याच्या दुकानात तिची मुलाखत होती. आणि घालायला होता शाळेचा गणवेश, नाहीतर कपाटातलं काहीतरी.

त्या दुपारी मी कोठीच्या खोलीत एकटीच बसले आणि स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. तीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कापडाला कात्री लावलेली नाही. गळा कसा, बाही केवढी, खिसा हवा का, कुठं जायचंय घालून. साध्या परकरालासुद्धा मी विचारते. आणि इथं एकतीस जणींना एका शब्दानं न विचारता थरावर थर लावून मोकळी झाले, वर शाबासकीची वाट बघत बसले. मला माझीच लाज वाटली.

मग उठले, गळ्यात टेप घातली आणि थोरलीला हाक मारली.

"सरळ उभी राहा. काय घालावंसं वाटतं तुला?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "गडद रंग. कॉलर. आणि खिसे, खरे, आत हात जाणारे." थोडं थांबून म्हणाली, "मोठ्या बाईसारखा दिसला पाहिजे."

गावातलं कापड अंगणातल्या बादलीतल्या भिंतीच्या रंगासारखंच भडक, ते नको म्हणाली. पोपटी तर लवकरच अख्ख्या गावाला ठाऊक होणार. मग निळ्या गठ्ठ्यातले तीन लहान फ्रॉक उसवले, बदामीतून कॉलर काढली. मॅडमकडे जुनं पायाचं मशीन होतं, तेल दिल्यावर कुरकुर थांबली. मॅडमना विचारूनच केलं हो सगळं. त्या म्हणाल्या, "कपाट रिकामं होत असेल तर माझी काही हरकत नाही. मला ब्लँकेटं ठेवायला जागा हवीय."

मंगळवारी दुपारी थोरलीची पहिली ट्रायल झाली आणि दाराबाहेर रांग लागली.

एकीला झालर नको होती. एकीला पाच झालरी हव्या होत्या. एकीला पॅन्ट हवी होती आणि ती उद्याच हवी होती. धाकटीला ताईसारखे खिसे हवे होते, पण चार. भाषेची अडचण कुठं आली नाही, बोटानं दाखवायच्या, नाक मुरडायच्या, पुन्हा दाखवायच्या. इतकी कटकटी गिऱ्हाइकं मला आयुष्यात मिळाली नव्हती. मोठ्या मुली उसवायला बसल्या, मी कापायला. पिवळं चौकटीला लागलं, लाल पट्टे पोपटीला.

बुधवारी दुपारी चारला वन्सं दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी! हे आपले फ्रॉक?"

"होते," मी म्हटलं.

"कात्री लावलीत? उद्या साडेदहाला निरोपाचा कार्यक्रम आहे. गावातली मंडळी येणार. मोठा फोटो आहे, तो सभागृहात लागायचाय. एकतीस जणी, एकसारख्या!"

"तीस. थोरली दहाला मुलाखतीला जातेय."

"मुलाखत काय नंतर होत नाही? मॅडमनी मला शब्द दिलाय, सगळ्या हजर राहतील. सांगा त्या दुकानदाराला."

थोरली कोपऱ्यात बसून हेम घालत होती. तिला सगळं कळत होतं. तिनं मान वर केली नाही, पण सुई थांबली. आता माझ्या नाकावरचा राग खाली उतरणं कठीण होतं. वन्संच्या तोंडाला तोंड द्यायची माझी गेल्या तीस वर्षांत हिंमत झाली नव्हती, त्या दिवशी झाली.

"वन्सं, त्या पडद्याच्या फोटोत तुम्ही कुठल्या हो?"

"आता त्याचं काय?"

"नाही, सांगा ना. डावीकडून कितव्या?"

वन्सं बोटांवर बहिणी मोजायला लागल्या. मग पुन्हा पहिल्या बोटापासून. धाकटी आपला अर्धवट खिसा अंगाला लावून वन्संसमोर जाऊन उभी राहिली, बघा म्हणून.

"मला सांगता येत नाही," वन्सं हळूच म्हणाल्या. "मलाच येत नाही, वहिनी. दरवेळी मी हसते." मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बटणं कुठायत?"

"डब्यात."

"सुई ओवून द्या. मला दिसत नाही जवळचं."

दिवेलागण व्हायच्या आत त्यांनी चव्वेचाळीस बटणं लावली, त्यातली सहा उलटी. पाळकसाहेबांनाही त्यांनीच बोलावून धागे तोडायला बसवलं. "फ्रॉकची तुम्हाला सवय आहे," म्हणाल्या.

गुरुवारी पावणेदहाला मी थोरलीबरोबर निघाले. निळा ड्रेस, बदामी कॉलर, खिशात दोन्ही हात. फाटकापाशी धाकटी फोटोच्या रांगेतून पळत आली आणि ताईचा खिसा आतून तपासून गेली. बेकरीवरून गेलो. बेकरीवालीनं बघितलं, ओळखलं नाही, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. थोरली मला म्हणाली, "बघितलंत?" मी म्हटलं, "बघितलं."

चष्म्याच्या दुकानाबाहेर एक बाक होता, त्यावर मी बसले. काचेतून दिसत होतं. मालकीणबाई वयस्क होत्या, गळ्यात साखळीला चष्मा. आधी दोघी उभ्यानं बोलल्या. मग मालकीणबाईंनी खुर्ची दाखवली. एकदा त्यांनी थोरलीच्या बाहीला हात लावून बघितला, तेव्हा मी बाकावरून उठलेच. इतक्या वर्षांत एवढी धास्ती मला कुणा नवरीच्या ब्लाउजचीही वाटली नव्हती. प्रार्थना करायचं सुचलं, पण शब्द आले ते एवढेच, की देवा, खांद्याची शिवण टिकू दे.

पाऊण तासानं ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. चार पावलं चालली आणि मग माझा हात धरला.

"सोमवारपासून. दोन महिने शिकायचं, मग कायम. भिंगं घासायची, मावशी! मशीनवर!"

मी रस्त्यातच रडले. आमच्या घरात मी रडत नाही म्हणून प्रसिद्ध आहे.

"वसतिगृहाचं विचारलं?" मी डोळे पुसत म्हटलं.

"पत्ता मीच लिहिला फॉर्मवर. मालकीणबाईंनी वाचला, म्हणाल्या, जवळ आहे, उशीर करायचा नाही." तिनं कॉलर सारखी केली. "पण तो त्यांनी नंतर वाचला. आधी मला बघितलं."

आम्ही पोचलो तेव्हा फोटो व्हायचा होता. वन्संनी गावातल्या सगळ्या मंडळींना उन्हात ताटकळत ठेवलं होतं. कार्यक्रम झाला, गाणं झालं, भाषणही झालं, पण एकतीस झाल्याशिवाय फोटो नाही, म्हणून हटून बसल्या होत्या. आता तो फोटो सभागृहात त्या खिळ्यावर आहे. एक पॅन्ट, एक पाच झालरींचा, एक चार खिशांचा. कुणीही येऊन बोट ठेवावं आणि ही कुठली ते विचारावं, वन्सं सांगतात, डावीकडून.

मंडळाच्या वहीत त्या फेरीचं कारण त्यांनी "सेवा" असं लिहिलंय. मी ते खोडलेलं नाही. पण परतताना, त्या बेकरीच्या कोपऱ्यावर थोरलीनं मला सांगितलं होतं, बाही चाचपताना मालकीणबाई काय म्हणाल्या ते. म्हणाल्या, बरोबर बसलाय, कुणी शिवला?

"मी म्हटलं, माझ्या मावशीनं. त्यांनी विचारलं, कुठं असते? म्हटलं, परदेशात. त्या म्हणाल्या, मग माप कसं घेतलं?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, आलीय ना ती. माप घ्यायलाच आलीय."