मीठ चाखणारी

आधीच सांगून टाकते, मी काही फार चांगल्या मनाची बाई नाही. माझ्या धाकट्या जावेला परदेशात येऊन आठच महिने झाले होते, आणि तेवढ्यात ती माझ्या तोंडचा घास काढून घ्यायला निघाली होती.

घास म्हणजे दर मंगळवारचं स्वयंपाकघर. इथे एक मोठा हॉल आहे, तिथे गरजू लोकांना दुपारी फुकट जेवण मिळतं. दीडशे-दोनशे माणसं येतात. आम्ही तिथे सेवा करतो. पगार नाही, एप्रन मिळतो. मी चार वर्षं जातेय. आधी कांदे सोलले, मग मोठ्या पातेल्यापाशी आले, आणि शेवटी मीठ चाखायचं काम माझ्याकडे आलं. तिथला सगळा कारभार बघणाऱ्या मोठ्या बाईंची चव एका आजारात पार गेली होती, त्यामुळे मी ‘बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय सूप वाढायला निघत नसे. एरवी या देशात मला विचारतंय कोण? नवरा ऑफिसात साहेब, पोरं इथल्या भाषेत फाडफाड बोलणारी, आणि मी डबे भरणारी. त्या पातेल्यापाशी मात्र माझा शब्द शेवटचा. आता बाईंचे गुडघेही गेले होते. मंगळवारची सगळी जबाबदारी त्या लवकरच कुणाकडे तरी सोपवणार होत्या. ती माझ्याकडेच येणार, असं मी धरून चालले होते.

नेमकी यंदा हरतालिका मंगळवारी आली. सासूबाईंनी आदल्या दिवशी फोनवर बजावलं, पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही. आणि त्याच दमात म्हणाल्या, धाकटीला पित्ताचा त्रास आहे, तिनं नाही धरला उपास तरी चालेल. वा! माझं पित्त काय मी माहेरी ठेवून आले होते? सतरा वर्षं निर्जळी करतेय, एकदा कुणी विचारलं नाही.

सकाळी वाळूची पिंडी करून पूजा उरकली आणि धाकटीला घेऊन हॉलवर गेले. आज मी पाणीही पिणार नाही, हे तिथे सगळ्यांना सांगून झालं होतं. कौतुक व्हावं म्हणूनच सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू? कौतुक झालंही. पण बाईंनी लगेच चाखायचा चमचा धाकटीच्या हातात दिला.

तिनं चाखलं, जरा विचार केला, लिंबं पिळली, मिरपूड भुरभुरली. वाढायला सुरुवात झाली. खिडकीजवळ बसणारे एक आजोबा आहेत, चार वर्षांत माझ्याशी अवाक्षर बोललेले नाहीत. ते वाडगा घेऊन परत आले आणि आज कुणी केलंय म्हणून विचारायला लागले. बाईंनी धाकटीची पाठ थोपटली. मग माझ्याकडे वळून हसत म्हणाल्या, आता तुला विश्रांती द्यायला हरकत नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“खारट झालंय,” मी म्हणाले.

न चाखता कसं कळलं, बाईंनी विचारलं. वासावरून, मी ठोकून दिलं. त्यांना काही ते पटलं नाही. त्यांनी चमचा माझ्यापुढे धरला. धाकटी मध्ये पडली, ताईंचा उपास आहे, त्यांना राहू द्या म्हणाली. तिनं माझी बाजू घ्यावी, हे मला आणखीनच झोंबलं. मी चमचा घेतला आणि तोंडात घातला.

सतरा वर्षांत पहिल्यांदा मोडली निर्जळी, तीही जळफळाटापायी. आणि मीठ? अगदी बेताचं. मागून लिंबाची आंबट चव, शेवटी मिऱ्याचा चटका. माझ्या हातून असं सूप कधी उतरलं नव्हतं.

“खारटच आहे,” मी म्हणाले.

उपास मोडून सांगतेय म्हटल्यावर शंका कोण घेणार? बाईंनी पातेल्यात दोन जग पाणी ओतलं. उरलेल्या साठेक माणसांनी ते पांचट सूप मुकाट्यानं खाल्लं. आवराआवर करताना बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर जाहीर केलं, पुढच्या महिन्यापासून मंगळवार हिचा. टाळ्या वाजल्या. धाकटीनंही वाजवल्या.

मी मागच्या कोठीच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यावर जाऊन बसले. पाठोपाठ धाकटी वाटी घेऊन आली. पाणी घालायच्या आधी तिनं स्वतःसाठी म्हणून काढून ठेवलेलं सूप होतं. उपास मोडलाच आहे तर पोटाला काहीतरी घाला, सासूबाईंना मी नाही सांगणार, म्हणाली. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. मला राहवलं नाही. मी खाली मान घालून खात राहिले, शेवटी वाटीच्या तळाशी बोटही फिरवलं.

मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “खारट सूप कुणी असं पुसून खात नाही.”

बाई बाहेरच होत्या, दार सताड उघडं होतं. तिच्या जागी मी असते तर तिथल्या तिथे ओरडून सगळं सांगितलं असतं. तिनं माझ्या हातातली वाटी घेतली आणि मोरीवर जाऊन गुपचूप धुवायला लागली. तिच्या त्या गप्प राहण्याचासुद्धा मला हेवा वाटला.