चुलींची मोजणी

कोपरच्या खाडीकाठच्या कोळीवस्तीत त्र्याण्णव साली चुलींना भाव आला. बिल्डर गुरुदत्तशेठने सरकारी योजना एका दमात समजावली, "तुम्हाला एक लहान घर फुकट बांधून दिलं, की मला तेवढंच बांधकाम वर जादा मिळतं, विकायला. तुमचं भलं तेच माझं भलं." इतका मोजूनमापून केलेला परोपकार वस्तीने पहिल्यांदाच पाहिला.

कुटुंबं कशी मोजायची? पेटती चूल म्हणजे एक कुटुंब. मोजणी बुधवारी.

सोमवारी शेवंतीचा नवरा गुणाजी गेला.

एका छपराखाली दोघं भाऊ, मधे कूड, चुली दोन. सुतकात घरची चूल पेटवायची नाही, ही वस्तीची रीत. तरी बुधवारी सकाळी धाकट्या धाकूकडून धूर निघाला.

"वहिनी, पेटव गो तूपण. सुतक दहा दिवसांचं, घर जन्माचं."

"त्यांची राख अजून गरम आहे, भावजी. मी नाही हात लावायची."

धाकूने एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगण्याइतका त्याचा वहिनीवर जीव नव्हता. त्याच्या बायकोने, मालनने, भाताचं ताट मात्र आणून दिलं.

शेवंती जेवत असतानाच मोजणीचा कारकून शेठबरोबर दारात आला. त्याने चुलीत बोट घातलं. गार.

"जेवण कुठून येतं?"

"दिराकडून."

खरं तेच बोलली. कारकुनाने लिहिलं: दिराच्या कुटुंबात. मग धाकूकडे वळला, "बरोबर?"

'ती वेगळी' एवढंच म्हणायला हवं होतं. धाकू म्हणाला, "तुमच्या कागदात असेल ते."

शेठ हळहळले. चूल एक कमी, म्हणजे वरची त्यांची खोलीही कमी. त्यांची नजर मागच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर गेली. "धाकू, तुझा कान्हा लग्नाला आला ना रे?"

खुराड्यात तीन विटा मांडल्या, करवंट्या पेटवल्या. बोहल्यावर न चढताच कान्हा कुटुंबप्रमुख झाला.

तीन वर्षांनी इमारत उभी राहिली. तोच कारकून तपासणीला आला. कान्हाच्या घरात शेवंती दोन्ही घरांचं रांधत होती. निजायचीही तिथेच, ओट्याखाली.

"इथे चूल वेगळी आहे ना?" त्याने विचारलं.

"वेगळी म्हणजे काय!" मालन हसली. "जाऊबाईंशिवाय कुणाचा हात लागत नाही तिला."

कारकुनाने कान्हाच्या नावापुढे बरोबरची खूण केली.