पोपटी दिवा

आयर्लंडमधल्या ड्रोहेडाला लेकाकडे आलेल्या विजयाबाईंना पहिल्याच दिवशी संशय आला. मुकुलचे मोजे, मग, छत्री, सगळं पोपटी! कपाटात तर दांडीचा पोपटी दिवा.

"कोण रे ती?"

"आई, जपानी गाणाऱ्या मुलींचा ग्रुप आहे. नऊ जणी होत्या, दहा वर्षांत आठ जणींनी निरोप घेतला. प्रत्येकीचा रंग ठरलेला असतो. उरलेल्या हानाएचा पोपटी. शनिवारी डब्लिनला तिचा शेवटचा कार्यक्रम."

बाईंनी मुकुलसाठी पुण्यात मुलगी हेरून ठेवली होती. "मीपण येणार," त्या म्हणाल्या.

हानाए गायला लागली, तसे सगळ्यांनी दिवे लावले. इतकं पोपटी झालं म्हणता, की जवळच्या डून लेरी बंदरातल्या बोटी सिग्नल मिळाला समजून सुटल्या! शेवटी हानाए रडत, वाकून निघून गेली. गेली एकदाची, म्हणून बाईंनी सुस्कारा सोडला.

तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या मुलीचा दिवा विझला. मुकुलने न मागताच खिशातून सेल काढून दिले.

"थँक्स रे! आणि काकू, चकल्या मस्त होत्या हं."

बाईंनी आणलेल्या चकल्या ऑफिसात संपल्या, असं मुकुल म्हणाला होता. बाईंनी पुण्याच्या मुलीचा फोटो पर्समध्ये खाली सारला.

"आडनाव काय गं तुझं?"