पुढून चार बोटं आखूड

१९८१ सालचा शरद होता. व्हेनिसमध्ये कित्येक वर्षं बंद पडलेला कार्निव्हल नुकताच पुन्हा सुरू झाला होता आणि ज्याला त्याला एकदम आजोबांसारखा टबारो हवा होता. टबारो म्हणजे बिनबाह्यांचा, खांद्यावरून पोटरीपर्यंत उतरणारा, गोल घेराचा काळा लोकरी झगा. पूर्वी नावाडी, हमाल, डॉक्टर, सगळेच तो घालत. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मागे पडला आणि तो बेतणारे शिंपीही एकेक करून गेले.

ओंदीनाचं पुलाच्या पायथ्याशी बटणं-दोऱ्यांचं दुकान होतं. तिची थोरली बहीण नीव्हेस घरीच शिवणकाम करी. एका रविवारी ओंदीना जेवायला आली आणि पोलेंटाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट पिठल्याचा, पहिला घास तोंडात असतानाच म्हणाली, "नीव्हेस, तू टबारो बेत, मी विकते. पाटीवर नाव दोघींचं. ओंदीना आणि नीव्हेस."

नीव्हेसला पैशाची हाव नव्हती. पण जन्मभर तिनं शिवलेलं दुसऱ्यांच्या नावानं मिरवलं होतं. पाटीवर आपलं नाव, तेही भर रस्त्यावर! त्या रात्री तिला झोप लागली नाही.

तिनं स्वयंपाकघरातलं टेबल बाजूला सारलं, फरशीवर खाकी कागद जोडून पसरला, दोरीच्या एका टोकाला खडू बांधला आणि अर्धा गोल ओढला. मधोमध गळा कापला. मग नवऱ्याला, अल्बानोला, स्टुलावर उभं करून तो कागद त्याच्या अंगावर टाचला.

"आता सुतळी बांध आणि टाक टपालात," अल्बानो म्हणाला.

"हलू नकोस. टाचणी टोचेल."

"टोचली की. केव्हाच टोचली."

पण कागद बसेना. चालायला लागलं की झगा मागे घसरे आणि गळ्याला काचे. तिनं गळा खाली घेतला, खांद्याला टक घातली, तरी तेच. खुंटीवर बाबांचा टबारो होता. बाबा मालाची होडी वल्हवत, मरेपर्यंत तोच त्यांच्या अंगावर असे. तो तर घातला की खांद्यावर मांजरासारखा बसे. तिनं तो उलटसुलट मोजला, पण गुपित आत शिवणीत होतं.

"उसव ना मग," ओंदीना म्हणाली.

"बाबांचा? नाही हं."

"अगं, मेलेल्या माणसाचा झगा खुंटीला टांगून तू कुणाची थंडी वाचवतेयस? आणि पाटी रंगवायला टाकायची आहे मला. दोन नावं घालू की एक?"

नीव्हेसनं तो उसवला. एकेक टाका कापताना लोकरीतून तंबाखूचा आणि खाऱ्या पाण्याचा वास येत राहिला. पाठीची मधली शिवण सरळ नव्हतीच. मानेकडे जाताना ती हलकेच आत वळली होती. तिनं कागद पाठीमागे मधोमध कापून तोच बाक त्यात घेतला. आणखी एक गोष्ट दिसली. पुढची कड पायऱ्यांवर घासून पार विरली होती. या गावात दर शंभर पावलांवर पायऱ्यांचा पूल. बाबा आयुष्यभर पुढचा घेर पायाखाली तुडवत चढले होते. म्हणून नीव्हेसनं आपल्या कागदावर पुढची कड हळूहळू वर घेतली आणि मधोमध चार बोटं आखूड ठेवली. अल्बानोला कागद गुंडाळूनच पुलावर नेलं. लोक हसले, पण तो न अडखळता वर गेला, खाली आला आणि म्हणाला, "बसलं बुवा."

तिनं कागद घडी करून ओंदीनाकडे दिला. पंधरवड्यानं ती दुकानाकडे गेली तर नवी पाटी लागली होती. सोनेरी अक्षरांत एकच नाव होतं, ओंदीना.

"माझा कागद कुठाय?"

"कारखान्यात. पाण्यापलीकडे, मुख्य भूमीवर. अगं, मागणी बघ किती आहे! तू एकटी किती शिवणार? आणि ते म्हणाले, बाईंनी पुढून वाकडं कापलंय. सरळ करून घेतलं त्यांनी."

"वाकडं नाही ते. पुलासाठी आहे."

"बरं बाई, पुलासाठी. पण टांगल्यावर वाकडं दिसतं ना!"

"आणि पाटी?"

ओंदीना बटणांचा खण आवरत म्हणाली, "दोन नावं मावत नव्हती. रंगारीच म्हणाला."

कार्निव्हलच्या रविवारी नीव्हेस पुलाच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. हातातल्या पुडीत कार्निव्हलची गोड भजी गार होत होती. खालून ओंदीनाचे टबारो येत होते.

"कुणी पडायची वाट बघतेयस होय?" अल्बानोनं विचारलं.

"हो."

एक उंच परकी बाई पायऱ्या चढू लागली. दुसऱ्याच पायरीवर तिचा बूट झग्याच्या कडेवर पडला आणि ती झुकली. बाई हसली. तिनं दोन्ही हातांनी घेर पुढून उचलला, मान वर केली आणि राणीसारखी चढली. फोटोवाले धावले. मागच्या बायकांनीही तसाच घेर उचलला. संध्याकाळपर्यंत सगळं गाव तसंच पूल चढू लागलं. पडलं कुणीच नाही.

घरी येऊन तिनं बाबांचे तुकडे पुन्हा जोडायला घेतले. पण शिवणीजवळची लोकर कसरीनं खाल्लेली होती. सुई घातली की कापड फाटे. तिनं ते सगळं एका उशीच्या अभ्र्यात भरलं.

ओंदीनाची पुढे तीन दुकानं झाली. मग स्वस्त माल बाहेरून येऊ लागला, कारखाना बंद पडला आणि नीव्हेसचा कागद तिथल्या रद्दीत गेला. अल्बानो छातीच्या दुखण्यानं गेला. नीव्हेस वृद्धाश्रमात गेली तेव्हा ओंदीनाच्या मुलानं घर रिकामं केलं आणि तो अभ्राही टाकून दिला. बहिणी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. दोघी वर्षाच्या अंतरानं गेल्या. व्हेनिसचं स्मशान एका बेटावर आहे, तिथे जागा थोडी. काही वर्षांनी हाडं उकरून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. त्याच मुलानं दोघींना मिळून एकच कोनाडा घेतला.

त्यावरच्या दगडावर दोन्ही नावं आहेत. आधी ओंदीना, मग नीव्हेस.