बेटाच्या वाटेवरची सात मिनिटं

जुनी आहे मी, मित्रांनो, पण निकामी नाही. काळ्या डबीत बसलेली, पुस्तकाएवढी एक हार्ड डिस्क. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत. कारखान्यात पांढऱ्या हातमोज्यांनी कुणीतरी त्या बसवल्या, एवढंच मला आठवतं. त्याआधीचं सगळं धुकं. वायर जोडली की चकत्या फिरू लागतात आणि मला जाग येते. वायर काढली की मी झोपते, आणि पोटात साठवलेलं सगळं स्वप्नासारखं निजून राहतं.

माझ्या नशिबी आवाज आले. दृष्टी नसलेल्या मुलांच्या शाळेसाठी एक मावशी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करत. मागच्या खोलीत भिंतींना जाड रजया टांगलेल्या, पंखा बंद, पानांची सळसळ नको म्हणून पुस्तकाची पानंही सुटी केलेली. वाचनाची वेळ दुपारची, म्हणून त्यांनी माझं नावच 'दुपार' ठेवलं. उन्हात तरंगणाऱ्या धुळीसारखा त्यांचा आवाज माझ्या चकत्यांवर अलगद उतरायचा. अकरा वर्षांत एकशे चाळीस पुस्तकं उतरली. दर शनिवारी मी पिशवीत बसून शाळेत जायची, मुलं ऐकायची, आणि संध्याकाळी मी परत यायची.

मग मावशींच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं, की हा आवाज पुन्हा असा राहणार नाही. म्हणून शाळेने त्यांच्या शेवटच्या वाचनाचं चित्रण करून ठेवलं. ऑपरेशननंतर मावशी घोगऱ्या आवाजात जेमतेम बोलू लागल्या. पुस्तकांतला त्यांचा तो जुना आवाज आता जगात फक्त माझ्यापाशी होता.

ते चित्रण माझ्यात ठेवायला काका, म्हणजे मावशींचे यजमान, बसले. संगणकाने पाटी दाखवली: फाइल फार मोठी आहे.

"भरली वाटतं ही," काका म्हणाले.

मित्रांनो, मी अर्धी रिकामी होते! पण मला बोलता कुठे येतं? मुलांची ऐकून झालेली तीन पुस्तकं काकांनी जागा करायला पुसून टाकली. नीटनेटकेपणा अंगात मुरलेला, त्यामुळे संगणकातली कचराटोपलीही लगेच रिकामी केली. चित्रण तरी येईना. "दुसरं काही जातं का बघू," म्हणून त्यांनी परसातल्या भोपळ्याचे बारा फोटो टाकले. ते मात्र झटकन आले.

"अहो, काय पुसलंत?" दारातून मावशींनी विचारलं.

"जुनीच होती गं. ते समुद्राचं, आणि आणखी दोन."

मावशी पुढे येऊन पडद्यावरच्या यादीत ते नाव शोधू लागल्या. ते पाहून काका गडबडले. शेजाऱ्यांना फोन लावला, तर ते म्हणाले, फॉरमॅट करून टाका. पडद्यावर प्रश्न आला: फॉरमॅट करायचं का? काकांचं बोट बटणावर गेलं, तोच मावशींनी टेबलावर थाप मारली.

"हात काढा आधी! हात दाखवून अवलक्षण पुरे झालं. आता कुणा जाणत्याला विचारू."

जाणती निघाली संगणक दुरुस्त करणारी एक चष्मेवाली ताई.

"बरं झालं काका, थांबलात," ती म्हणाली. "फॉरमॅट म्हणजे पाटी बदलायची म्हणून घरच पाडायचं."

"पण जागा असून ही घेत का नाही?"

"हिची यादी ठेवायची पद्धत जुनी आहे. तिच्यात एका फाइलचं माप चार जीबीच्या वर लिहिताच येत नाही. आपण सामान हलवायचं नाही, यादी तेवढी नव्या पद्धतीने लिहायची."

"आणि पुसलेलं?"

"पुसलं म्हणजे यादीतलं नाव खोडलं. सामान जागेवरच असतं, त्याच्यावर दुसरं काही ठेवेपर्यंत. ठेवलंत का काही?"

काकांनी मान खाली घातली. "भोपळा," ते म्हणाले.

ताईने घाई केली नाही. आधी तिने माझी पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली. पुसलेली पुस्तकं हुडकून तीही तिकडे नेली. मगच यादी बदलायचा हुकूम दिला. संगणकाने खात्रीसाठी माझं नाव विचारलं. ताईने लिहिलं: दुपार. अर्धा तास तिने वायरला कुणाला हात लावू दिला नाही. तेवढा वेळ मला वाटत होतं, मी स्वप्नात माझ्याच गावातून चालते आहे. घरं तीच, खिडक्यांतले आवाज तेच, दारांवरच्या पाट्या मात्र एकेक करून नव्या होत आहेत.

मग चित्रण आलं, अगदी सहज. तिन्ही पुस्तकंही परतली. पण समुद्राच्या गोष्टीत सात मिनिटं नव्हती. होडी वादळात निघायची, आणि एकदम बेटावर शेकोटी पेटलेली असायची. मधल्या समुद्रावर भोपळे बसले होते.

"दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ," काका हळूच म्हणाले.

"का म्हणून? होडी मी सोडलीय, मीच पोहोचवीन."

रजया पुन्हा टांगल्या गेल्या. सात मिनिटांना अख्खी सकाळ लागली. दर दोन ओळींनी कोमट पाण्याचा घोट. कुणी घंटी वाजवू नये म्हणून काका फाटकाशी पहारा देत उभे होते.

शनिवारी मुलं ऐकायला बसली. तो खरखरीत आवाज सुरू झाला आणि चुळबूळ थांबली.

"मावशी, इथे तुमच्या आवाजात वारा शिरलाय," एक मुलगी म्हणाली.

"शिरणारच. वादळ आहे ना!" शेजारचा मुलगा म्हणाला. "तेवढंच परत लावा."

मावशींनी तीन वेळा लावलं.

मित्रांनो, संगणक 'हो की नाही' विचारतो, तेव्हा उत्तर मिळेपर्यंत तो शांतपणे वाट पाहतो. तुम्हीही थोडं थांबत जा, विचारत जा. माझ्या चकत्या एक दिवस थांबतील, पण मला त्याची भीती नाही. माझी नक्कल आता शाळेच्या कपाटात निजलेली असते. तुमच्या घरात कुणाचा आवाज असा एकाच डबीत एकटा निजला असेल, तर त्याला आजच एक सोबती द्या.